धाकू नाखव्याबरोबर मकल्ल्याला

मी समुद्रापार जाऊन आलो हे आमच्या गावात अजून पुष्कळांना खरं वाटत नाही. आमचं गाव संगमेश्वराच्याही वर, सह्याद्रीच्या पायथ्याशी. तिथं पाणी म्हणजे नदीचं, आणि तेही चैत्रात गुडघाभर. माझा पिढीजात व्यवसाय वैद्यकीचा. हिराबोळ आणि ऊद हे औषधातले डिंक अरबस्तानातून येतात एवढं वडिलांकडून ऐकलेलं. मुंबईच्या बाजारातून जो हिराबोळ हाती येई त्यात निम्मी राळ असायची. चांगला माल जिथं उतरतो ते अरबस्तानातलं मकल्ला बंदर एकदा डोळ्यांनी पाहावं, ही हौस फार जुनी. ती पुरी झाली एका नाखव्याच्या कंबरेमुळे.

धाकू नाखवा हा रत्नागिरीचा खारवी. स्वतःचं दोन डोलकाठ्यांचं गलबत असलेला, साठीच्या आतबाहेरचा माणूस. दर साल दिवाळी झाली की कौलं, नारळ आणि बांबू भरून तो अरबस्तानच्या किनाऱ्याला जायचा आणि चैत्रात खजूर घेऊन परतायचा. त्या पावसाळ्यात त्याची कंबर अशी धरली होती की त्याला चौघांनी डोलीतून माझ्याकडे आणला. लेप आणि काढे देऊन दसऱ्यापर्यंत मी त्याला चालता केला. निघताना तो म्हणाला, "वैद्यबुवा, तुमाला मकल्ल्याला जायचं हाय ना? मंग माझ्यासंगती चला. आगबोटीला कशाला पैसे घालता?"

मला वाटलं, माणूस उपकाराच्या भरात बोलतोय. पण मार्गशीर्षात त्याचा निरोप आला, की माल भरला, वाऱ्याची वाट बघतोय, या. माझ्या पत्नीने पोहे, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि आमसुलं बांधून दिली. ती एवढंच म्हणाली, "पोहायला येत नाही हे त्यांना आधी सांगून ठेवा."

भाट्याची खाडी

गलबत पाहिल्यावर पहिला धक्का बसला तो त्याच्या लहानपणाचा. एवढ्याशा लाकडावरून समुद्र ओलांडायचा, ही गोष्ट रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीकाठी उभं राहून मला अशक्य वाटली. आमच्या गावचं देऊळ याहून लांब आहे. पोटात कौलं, त्यांवर नारळ, दोन्ही बाजूंना बांबूंच्या मोळ्या बांधलेल्या. माणसांसाठी जी जागा उरली होती ती माझ्या माजघरापेक्षा कमी.

दुसरा धक्का बसला तो सांगायला संकोच वाटतो, पण जे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगितलं पाहिजे. गलबताच्या पिछाडीला बाहेरच्या अंगाला एक लाकडी खोका टांगलेला असतो. त्याला बूड नसतं. सकाळी त्यात जाऊन बसायचं आणि खाली समुद्र धावत असतो. पहिल्या दिवशी मी त्या खोक्यातून तसाच परत आलो.

तेव्हा मोठ्याने हसला तो रघू. नाखव्याचा एकुलता एक मुलगा. पंचविशीचा, रुंद खांद्यांचा, सकाळी उठायला आळशी. "बुवा, दोरी धरा आणि वर बघा," तो म्हणाला. "खाली बघितलात तर देव आठवंल, दुसरं काय होणार नाय." त्याचा सल्ला मला पुढे सगळ्या प्रवासात पुरला.

निघताना समुद्राला नारळ दिला. नाखव्याची बायको येसू किनाऱ्यावर आली होती. तिने मुलाच्या हातात एक गाठोडं दिलं. त्यात गूळ-खोबऱ्याच्या वड्या होत्या. नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही, आणि नाखव्यानेही तिच्याकडे पाहिलं नाही. आमच्याकडे नवरा देवरूखच्या बाजाराला निघाला तरी बायको दारापर्यंत येऊन चार सूचना देते. मला ती माणसं कोरडी वाटली.

भर समुद्रात

किनारा दिसेनासा झाला तेव्हाची माझी स्थिती वर्णन करण्यासारखी नाही. ओकारीवर मी लोकांना आल्याचा रस आणि मध देतो. तोच मी स्वतः घेतला आणि तोही पोटात राहिला नाही. रघूने मला डोलकाठीला टेकवून बसवलं आणि सुका पाव चघळायला दिला. दोन दिवसांनी डोकं वर झालं तेव्हा चहूकडे पाणी होतं. आणि ते निळं नव्हतं, शाईसारखं काळं होतं. मी विचारलं, "इथं खोली किती?" सुकाणूवर काशीम होता, जैतापूरचा, नाखव्याबरोबर तरुणपणापासून फिरलेला. तो म्हणाला, "दोर संपतो, बुवा. पाणी संपत नाय." नंतर कितीतरी वेळ मला पायाखालच्या फळ्यांचा विचार सुटेना.

वारा मात्र पाठीमागून, सारखा. शीड एकदा भरलं की दिवसदिवस त्याला हात लावायचं काम नसे. खलाशी दोर वळत, जाळी दुरुस्त करत, गप्पा मारत. जेवण म्हणजे उकड्या तांदळाचा भात आणि सुक्या बांगड्याचं कालवण. मी माझं कुळथाचं पिठलं वेगळं करून घेई. एकदा ते चुलीवर रटरटत असताना पाण्यातून माशांचा थवा उडाला, पाखरांसारखा, आणि त्यातला एक सरळ माझ्या भांड्यात येऊन पडला. मी भांडं हातात घेऊन तसाच बसलो. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. नाखवा गंभीरपणे म्हणाला, "बुवा, आता समुद्रच तुमाला वाढतोय, आमचा काय विलाज नाय." ते पिठलं मी रघूला दिलं. त्याने ते माशासकट संपवलं आणि तुमच्या गावचं कुळीथ चांगलं असतं म्हणाला.

या रघूची माझ्याशी गट्टी जमली. त्याचे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागले होते आणि त्या गोष्टीचा त्याला फार घोर होता. लग्न ठरायचं होतं. रोज दुपारी माझ्याजवळ येऊन बसायचा आणि विचारायचा, माक्याच्या तेलाने खरंच काळे होतात का. मी म्हणे, समुद्राचं पाणी डोक्यावर घेणं थांबव. त्यावर तो विचारी, "मंग आंघोळ कशानं करू? टाकीतल्या गोड्या पाण्याला हात लावला तर बाबा मला पाण्यात टाकील."

बापलेकांचं बोलणं मी फारसं ऐकलं नाही. नाखवा त्याला नावाने हाक मारत नसे. "ए" म्हणे. पण रघू डोलकाठीवर चढला की नाखव्याचं बोलणं मध्येच थांबे, आणि तो खाली उतरला की तिथूनच पुढे सुरू होई.

वादळ

एके दिवशी सकाळी वारा पडला. शीड लोंबायला लागलं. मला बरं वाटलं, कारण हिंदकळणं थांबलं होतं. काशीम मात्र पुन्हा पुन्हा दक्षिणेकडे पाहत होता. तिकडे आभाळाच्या कडेला तांब्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवट रंग आला होता. नाखव्याने मोठं शीड उतरवायला सांगितलं, आणि मला दोरीने माझ्याच जागेवर बांधून घ्यायला सांगितलं. मला तो विनोद वाटला.

दुपारी वारा आला तो एकदम आला. मी कोकणातला माणूस. आमच्याकडे आषाढात झाडं पडतात, छपरं उडतात. पण तिथं वारा घराबाहेर असतो. इथं आत आणि बाहेर असं काही नव्हतं. लाट आली की गलबत तिच्या अंगावर चढे, वर क्षणभर थांबे आणि खालच्या खड्ड्यात जाई. त्या खड्ड्यातून पाहिलं की मागची लाट डोलकाठीच्या निम्म्यापर्यंत उभी दिसे. लाट पिछाडीवर सरळ घ्यायची, आडवी घ्यायची नाही, एवढंच काम होतं, आणि ते नाखवा आणि काशीम दोघे मिळून सुकाणू धरून करत होते.

पुढच्या डोलकाठीचं लहान शीड फाटलं. त्याचा आडवा वासा सुटून फिरायला लागला. तो तसाच राहिला असता तर डोलकाठी मोडून गेली असती. रघू आणखी एका खलाशाला घेऊन पुढे गेला. दोघांनी वासा पकडला, बांधलाही. रघूने मागे वळून हात वर केला, झालं म्हणून. तेवढ्यात गलबताचं नाक खड्ड्यात बुडालं आणि पुढून पाणी आलं. ते गेलं तेव्हा दुसरा खलाशी डोलकाठीला मिठी मारून होता. रघू तिथं नव्हता.

मी त्याला पाहिलं. डाव्या अंगाला, फार लांब नाही. आमच्या ओटीवरून तुळशीवृंदावन दिसावं इतक्या अंतरावर. त्याचं डोकं वर आलं, मग खांदे. खलाशांनी सपासप दोर कापले आणि बांबूंची एक मोळी पाण्यात सोडली. ती फुटली आणि बांबू पसरले. त्यातला एक त्याने धरलेला मी पाहिला. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर मला सोसलं असतं असं वाटतं. तो नुसता गलबताकडे पाहत होता.

काशीमने सुकाणू ढकललं. गलबताचा रोख किंचित वळला. त्याबरोबर ते असं कलंडलं की एका बाजूची कड पाण्याखाली गेली आणि आतले नारळ गडगडत त्या बाजूला गेले. नाखव्याने काशीमच्या हातावर आपला हात ठेवला आणि सुकाणू होतं तिथं आणून धरलं.

"सरळ ठेव," तो म्हणाला.

मी बांधलेला होतो. होतो तिथूनच ओरडलो, "नाखवा, तुमचा मुलगा आहे तो. वळवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं, त्यामुळे त्याला काय वाटत होतं ते मला दिसलं नाही. "वैद्यबुवा, दोरी धरून बसा," तो म्हणाला, आणि पुन्हा मागच्या लाटेकडे पाहू लागला. ती लाट पाहायची तर रघू ज्या बाजूला होता तिकडेच तोंड करावं लागत होतं. आम्ही पुढे जात राहिलो. एका लाटेवर रघू दिसे, दुसरीवर नुसता बांबू दिसे. मग पाऊस आला आणि त्या बाजूला काही दिसेनासं झालं.

मी आयुष्यात पुष्कळ मरणं जवळून पाहिली आहेत. माझा व्यवसायच तो. पण ज्याला वाचवायचं तो समोर दिसतोय आणि त्याच्याकडे पाठ न करता माणसं त्याच्यापासून लांब चालली आहेत, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वारा उतरला. उतरला तसं नाखव्याने गलबत फिरवलं. उलट्या वाऱ्यावर नागमोडी घेत आम्ही मागे गेलो. दिवसभर सगळे कडेला उभे राहून पाण्याकडे पाहत होते. डोळे भाजून निघाले. एक बांबूसुद्धा दिसला नाही. समुद्रावर जागेला खूण नसते. आदल्या दिवशी जिथं ते घडलं ती जागा हीच, की कोसभर पलीकडची, हे कोणालाच सांगता येईना. ऊन उतरताना नाखवा म्हणाला, "टाकीतलं पाणी कमी हाय. फिरवा."

मग त्याने भात मागितला. सगळ्यांच्या देखत मांडी घालून बसला आणि पान स्वच्छ होईपर्यंत जेवला. मी काशीमला म्हणालो, "हा माणूस आहे की दगड?"

काशीम माझ्यापाशी बसला. मग म्हणाला, "तो जेवला नसता, तर आमच्यातला कोण जेवला असता, बुवा? आणि उपाशी माणसं गलबत नेतात काय?"

मला ते पटलं नाही. मी नाखव्याशी बोलणं सोडलं. त्याच्याही ते लक्षात आलं.

मकल्ला

मकल्ला समुद्रातून पाहिलं तर फार देखणं आहे. मागे उघडाबोडका तांबूस डोंगर, त्याच्या पायाशी पांढरीशुभ्र उंच घरं, आणि घरांच्या पायऱ्यांना लागलेलं पाणी. झाड एकही नाही. आमच्याकडे कातळावरसुद्धा पावसात गवत येतं. इथं हिरवा रंग पाहायचा तर लोकांच्या दारांवर पाहायचा.

मी एका गुजराती व्यापाऱ्याच्या घरी उतरलो. सकाळी दार उघडलं तर एक बाई शेळ्यांसमोर वाळलेले मासे टाकत होती आणि शेळ्या ते कडबा खावा तसे खात होत्या. उंटांनाही तेच. त्या शेळीचं दूध पितात का, असं मी विचारलं. व्यापारी म्हणाला, आत्ता तुम्ही जो चहा घेतलात तो त्याचाच. त्यानंतर मी तिथं चहा घेतला नाही.

हिराबोळ मात्र मिळाला. आला तो उंटांवरून, कातड्याच्या पिशव्यांत, लालसर, फोडला की आत पांढऱ्या रेघा असलेला. बाजारातला म्हातारा अरब तो दातांनी फोडून दाखवी. प्रत्येक घरात उदाचा धूर. पाण्याचे माठ धुपवतात, कपडे धुपवतात, पाहुण्याच्या दाढीखालीसुद्धा धुपाटणं धरतात. माझ्या गुळगुळीत हनुवटीखाली धरल्यावर घरातली मुलं हसली. कॉफीच्या नुसत्या टरफलांचा सुंठ घातलेला काढा मला फार आवडला. ज्यासाठी आलो ते सगळं पाहिलं, आणि यातल्या एकाही गोष्टीचा आनंद जसा व्हायला हवा तसा झाला नाही. धक्क्यावर गेलं की आमचं गलबत दिसे आणि त्यावर नाखवा. तो गावात उतरत नसे. बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला तो होडी घालून भेटे. त्यांना काय विचारी ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तिथल्या हिंदू व्यापाऱ्यांनी मुलाचे विधी करण्याविषयी सुचवलं. नाखव्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मेलेला मी पायला नाय. त्याची आय ठरवील काय ते."

परत

चैत्राच्या सुरुवातीला पश्चिमेच्या वाऱ्यावर आम्ही परत निघालो. त्या हंगामात रत्नागिरीला परतणारं आमचंच गलबत पहिलं. म्हणजे बातमी आमच्याबरोबरच पोचणार होती. रत्नागिरीच्या किल्ल्याचा डोंगर दिसला तेव्हा कोणी आनंदाने ओरडलं नाही.

खाडीच्या तोंडाशी नांगर टाकल्यावर नाखवा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वादळानंतर पहिल्यांदाच.

"वैद्यबुवा, एक काम करा. पयल्या होडीनं तुमी जावा. माझ्या बायकोला तुमी सांगा."

"मी? मी कोण सांगणारा?"

"माझी माणसं सांगतील ती माझी बाजू घेऊन सांगतील. तुमी माझ्या बाजूचे नाय. झालं तसं सांगाल."

तो इतके महिने माझ्या मनातलं वाचत होता, आणि त्यासाठीच त्याने मला निवडलं होतं. मी होडीत बसलो.

किनाऱ्यावर बायका जमल्या होत्या. येसू पुढे होती. होडीत कोण आहे आणि कोण नाही हे तिने लांबूनच पाहिलं असणार. कारण मी उतरलो तेव्हा तिने काही विचारलं नाही, नुसती उभी राहिली. मी झालं तसं सांगितलं. शीड फाटलं, रघूने वासा बांधला, पाणी आलं. बांबू धरलेला मी पाहिला.

"उजेड होता?" तिने विचारलं.

"होता. दुपार होती."

"ह्यांनी पायलं?"

"पाहिलं."

"गलबत वळवलं?"

बोटीत असताना या प्रश्नाचं उत्तर मी शंभर वेळा, रागाने, मनात दिलं होतं. "नाही," मी म्हणालो. "वळवायला लागले तेव्हा ते कलंडलं. मग सरळ धरलं."

ती माझ्या पलीकडे पाहत होती. दुसरी होडी लागली होती. खलाशी उतरत होते आणि त्यांच्या आया, बायका पाण्याच्या कडेला त्यांच्या अंगावरून हात फिरवत होत्या. येसूने एकेकाचा चेहरा पाहून घेतला. होडीतला शेवटचा माणूस उतरेपर्यंत ती हलली नाही.

"आणि हे?" तिने विचारलं.

"काशीमबरोबर वरच आहेत. उतरत नाहीत."

तिने कासोटा आवळला आणि माझ्या होडीत जाऊन बसली. एक म्हातारा पुढे येऊन हळूच म्हणाला, "येसू, बायमाणूस गलबतावर चढत नाय गो." ती जागची उठली नाही. वल्हं मारणाऱ्या खलाशाने माझ्याकडे पाहिलं. मी होडीत चढलो, कारण तिला एकटीला पाठवणं मला जमेना.

दोरखंडाला धरून ती चढली ती पुरुषासारखी. नाखवा सुकाणूपाशी बसला होता, पाठमोरा. तिची चाहूल लागली तरी त्याने मान वळवली नाही. तिने मागून त्याच्या पाठीवर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. मारत राहिली. तिच्या बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं, त्याच्या सदऱ्याला लागलं. त्याने हात वर केला नाही, अंग चोरलं नाही. मी पुढे व्हायला पाहिलं तर काशीमने माझा दंड धरला.

मग तिचे हात थकले. ती तिथंच त्याच्यामागे बसली आणि तिने आपलं कपाळ त्याच्या पाठीला टेकलं. नाखव्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजवर माणसाचा ऐकला नव्हता. वादळाच्या दिवसापासून तो त्याच्या आत होता.

बऱ्याच वेळाने ती उठली. "चला," म्हणाली. "हितं बसून काय होणार."

तो उठला. त्याची कंबर पुन्हा धरली होती. सबंध परतीच्या वाटेवर त्याने ते मला सांगितलं नव्हतं. काशीमने आणि मी मिळून त्याला होडीत उतरवलं. ती त्याच्यासमोर बसली. वल्ह्यांचा आवाज येत होता.

होडी किनाऱ्याजवळ आली, तेव्हा ज्यांची माणसं परत आली होती त्या बायकांनी आपापल्या माणसांना सोडलं, आणि त्या लुगड्यांसकट कंबरेएवढ्या पाण्यात शिरल्या. त्यांनी होडीची कड धरली. दोघांनाही, आधी त्याला आणि मग तिला, त्यांनी हातांवर उतरवून घेतलं.